जागा न सोडता : नगर परिसराशी निगडित लेखनातील आकाशदर्शन आणि निसर्गसंबंध

गोषवारा

आकाशाकडे पाहताना माणसाला निसर्गाशी जोडले गेल्याचा प्रत्यय येतो, हे विधान साहित्यसमीक्षेत वारंवार केले जाते. मात्र हा प्रत्यय कोणत्या परिस्थितीत येतो आणि तो आल्यावर माणूस पुढे काय करतो, याचा विचार तुलनेने कमी झाला आहे. प्रस्तुत लेखात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याशी निगडित चार संदर्भ एकत्र ठेवून या प्रश्नाची चिकित्सा केली आहे : नेवासे येथे सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी, नगरला टिळकांच्या घरी काही काळ राहिलेले बालकवी, अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात लिहिले गेलेले नेहरू व आझाद यांचे ग्रंथ आणि पावसाच्या नक्षत्रांचा लोकपरंपरेतील हिशेब. आकाशदर्शन म्हणजे पलायन नव्हे, तर जागेला बांधलेल्या माणसाने जोडलेले नाते होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आकाशदर्शन, निसर्गसंबंध, ज्ञानेश्वरी, बालकवी, बंदिवासातील लेखन, पर्जन्यनक्षत्रे.

प्रस्तावना

मराठीच्या वर्गात निसर्गकविता शिकवताना 'कवी निसर्गाशी एकरूप झाला आहे' हे वाक्य इतक्या सहजतेने उच्चारले जाते की, त्यातील 'एकरूप' या शब्दाचा अर्थ विचारण्याची गरज विद्यार्थ्याला वाटत नाही आणि अध्यापकालाही वाटत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते वाक्य जसेच्या तसे परत येते. याउलट ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चळवळींनी सौंदर्यवादी निसर्गचित्रणाविषयी जे प्रश्न उपस्थित केले, त्यांच्या प्रभावाखाली निसर्गकविता म्हणजे वास्तवाकडे फिरवलेली पाठ, असाही एक निवाडा रूढ झाला. पहिल्या भूमिकेत आकाश हे शोभेचे छत ठरते आणि दुसरीत ते पळून जाण्याची वाट ठरते. दोन्ही भूमिका एका गोष्टीत सारख्या आहेत. पाहणारा माणूस कोठे उभा आहे, हे त्या लक्षात घेत नाहीत.

नगर जिल्हा हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आहे आणि घाटमाथ्यावर धो धो पाऊस कोसळतो. त्याच डोंगरांच्या पूर्वेकडे पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो आणि पाथर्डी, कर्जत, जामखेडपर्यंत माणसे ढगांची वाट पाहतात. एकाच जिल्ह्यात आभाळाची इतकी भिन्न रूपे असल्यामुळे आकाशदर्शनाची चिकित्सा करण्यास हा प्रदेश विशेष उपयुक्त आहे.

आकाश आणि आभाळ

विषयात शिरण्यापूर्वी मराठी भाषेनेच केलेला एक भेद नोंदवणे आवश्यक आहे. 'आकाश', 'गगन', 'अवकाश' हे शब्द स्थिर विस्ताराचे वाचक आहेत. 'आभाळ' या शब्दाचे नाते मात्र 'अभ्र' म्हणजे मेघाशी आहे. म्हणून बोलभाषेत 'आभाळ आले', 'आभाळ भरून आले', 'आभाळ गेले' असे म्हटले जाते. आकाश येत नाही आणि जातही नाही. येते-जाते ते आभाळ. पहिल्या शब्दात चिंतनाला वाव आहे, तर दुसऱ्यात अपेक्षा आणि भय आहे. 'आभाळाकडे डोळे लावणे', 'आभाळ फाटणे' हे वाक्प्रचार याच दुसऱ्या अनुभवातून घडले. निसर्गकवितेची समीक्षा बहुधा आकाशाविषयी बोलते. शेतकऱ्याची भाषा आभाळाविषयी बोलते. या दोहोंना जोडणारे काही आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा खरा प्रश्न आहे.

नेवासे : कुमुदिनीचा दृष्टान्त

प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरीची रचना झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी निरूपण केले असे परंपरा मानते, तो शिलालेखयुक्त खांब आजही नेवाशात आहे व त्याभोवती मंदिर उभे आहे. दुर्गा भागवत यांच्या 'पैस' (१९७०) या ललितलेखसंग्रहाचे शीर्षक या खांबाशी जोडलेले आहे. या पुस्तकास १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. 'पैस' म्हणजे विस्तार, मोकळी जागा. एका उभ्या, जमिनीत रोवलेल्या दगडाला अवकाशवाचक नाव मिळावे, ही घटना केवळ भाषिक योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. जो अचल आहे त्याच्याच आधाराने विस्ताराचा अनुभव येतो, असे ते नाव जणू सुचवते.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्याने ग्रंथ कसा अनुभवावा हे सांगणारे दृष्टान्त एकापाठोपाठ एक येतात. शरदातील चंद्रकिरणांतून अमृतकण अलगद वेचणारी चकोराची पिले त्यांत आहेत. कमळाला कळू न देता पराग नेणारा भ्रमर आहे. आणि आपले ठिकाण न सोडता, उगवत्या चंद्राला आलिंगन देणारी कुमुदिनी आहे. या तिसऱ्या दृष्टान्ताचा विचार येथे महत्त्वाचा ठरतो. कुमुदिनीचे मूळ चिखलात आहे. ती चंद्राकडे जाऊ शकत नाही आणि जाण्याचा प्रयत्नही करत नाही. चंद्रोदयाला उत्तर म्हणून ती केवळ उमलते. तिचे उमलणे हेच तिचे आलिंगन होय.

येथे 'एकरूपता' या सैल संज्ञेला नेमका पर्याय मिळतो. कुमुदिनी आणि चंद्र एकरूप होत नाहीत. दोघांमधील अंतर कायम राहते, परंतु ते अंतर वियोगाचे राहत नाही. हे नाते पाहणाऱ्यात घडून येणाऱ्या बदलावर अवलंबून आहे. पाहिल्या गेलेल्या वस्तूच्या सौंदर्यावर नव्हे. ज्ञानदेवांचा दृष्टान्त वाचनप्रक्रियेविषयी आहे हे खरे. तथापि वाचनाचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी त्यांनी आकाशदर्शनाचा आधार घ्यावा, यावरून तो अनुभव त्यांच्या श्रोत्यांच्या किती परिचयाचा होता, हे लक्षात येते.

बालकवी : आकाशाने जमिनीवर येणे

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नगरमधील घर हे मराठी काव्येतिहासातील एक आश्रयस्थान होते. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात 'बालकवी' म्हणून गौरवले गेलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०–१९१८) काही काळ या घरी घरातल्या मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे तो सहवास मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. बालकवींची कोणती कविता नेमकी नगरात लिहिली गेली, याचा शोध येथे अभिप्रेत नाही. त्यांच्या आकाशदृष्टीचे स्वरूप काय, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

'फुलराणी' ही कविता बहुधा बालकविता म्हणून शिकवली जाते आणि तिच्यातील नादमाधुर्याची प्रशंसा करून अध्यापक पुढे जातात. तिची रचना मात्र विचारपूर्वक पाहण्यासारखी आहे. गवताच्या मखमलीवर खेळणारी एक कळी ही तिची नायिका आहे आणि सोनेरी सूर्यकिरण हा नवरदेव आहे. बोलणी पक्की करण्यासाठी चंडोल आकाशाकडे झेपावतो; वऱ्हाड वरून खाली येते; लग्न लागते ते हिरवळीवर. पृथ्वी आणि आकाश यांचा हा विवाह आहे आणि त्यात वधू आपली जागा सोडत नाही. रूढ विवाहात मुलगी माहेर सोडून जाते. येथे वरपक्षच येतो आणि वधू देठावरच राहते. ज्ञानदेवांच्या कुमुदिनीशी असलेले या कल्पनेचे साम्य प्रभावाचे नसून दृष्टीचे आहे. दोन्ही ठिकाणी संबंध जुळतो तो स्थान न बदलता.

बालकवींच्या कवितेची दुसरी बाजू लक्षात घेतली नाही, तर हे विवेचन एकांगी होईल. 'पारवा' किंवा 'शून्य मनाच्या घुमटात' यांसारख्या कवितांत तोच कवी उदास, रित्या जागेत अडकलेला दिसतो. घुमट हेही एक आकाशच आहे. परंतु ते बंद आकाश आहे. त्यात आवाज बाहेर जात नाही, तर फिरून परत येतो. ज्या कवीने तारकांना गायला लावले, त्यानेच हा घुमटही पाहिला. तेव्हा बालकवींचे आकाश हे दुःखाचे भान नसलेल्या माणसाचे आकाश नव्हे. निसर्गाशी जोडले जाणे ही त्यांच्यासाठी कायमची अवस्था नव्हती. ती मिळत होती आणि हातची निसटत होती. ५ मे १९१८ रोजी भादली रेल्वेस्थानकाजवळ आगगाडीखाली त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. त्यांच्या कवितेला 'निरागस' हे एकच विशेषण लावून थांबणे म्हणजे तिच्यातील हा ताण नाकारणे होय.

किल्ल्यातील चंद्र

९ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत' ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना अबुल कलाम आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी बारा जण त्यांत होते. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात नेहरूंनी तेथे 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला. १९४६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या ग्रंथाचा प्रारंभ इतिहासाने होत नाही, तर चंद्राने होतो, ही गोष्ट समीक्षकांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

१३ एप्रिल १९४४ ही तारीख असलेल्या पहिल्याच प्रकरणात नेहरू सांगतात की, आपण येथे आलो तेव्हा अंधारत्या आकाशातील चंद्रकोरीने आपले स्वागत केले आणि तेव्हापासून प्रत्येक नवी कोर कैदेचा आणखी एक महिना सरल्याची आठवण देत आहे. पंचांग पाहता १२ ऑगस्ट १९४२ रोजी अमावास्या होती. म्हणजे आगमनाच्या सायंकाळी कोर दिसणे शक्य नव्हते. ती चार-पाच दिवसांनी दिसली असणार. ही चूक दाखवणे हा येथे हेतू नाही. वीस महिन्यांनंतर स्मृतीने आगमन आणि पहिली कोर यांना एकत्र आणले, यातच त्या दर्शनाचे महत्त्व सिद्ध होते. कैद्याच्या मनात तुरुंगवासाचा आरंभ दरवाजा बंद होण्याने झाला नाही. चंद्र दिसण्याने झाला.

याहून महत्त्वाचे म्हणजे नेहरू चंद्राला सोबती म्हणतात, तसेच त्याला दिनदर्शिकाही म्हणतात. चंद्राच्या आकारावरून तिथी कळते. अधूनमधून दुरुस्ती करावी लागली तरी शेतात राबणाऱ्या माणसाला दिवस आणि ऋतू मोजण्यास हेच साधन सर्वांत सोयीचे, असे ते नोंदवतात. घड्याळ आणि कार्यालयीन वेळापत्रक यांच्या जगात वाढलेला नेता कैदेत आल्यावर कुणब्याच्या कालगणनेपाशी पोहोचतो. त्याआधी आत्मचरित्रातही त्यांनी लखनौच्या तुरुंगात उघड्यावर पडून ढगांचे बदलते रंग पाहत घालवलेल्या तासांविषयी लिहिले होते. तेथे आनंद आहे; नगरच्या किल्ल्यात त्या आनंदाला हिशेबाची जोड मिळाली.

या चंद्रदर्शनानंतर ग्रंथ कोठे जातो? तो प्रथम जमिनीकडे वळतो. किल्ल्यातील दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामाच्या अवशेषांनी भरलेली माती खणून नेहरू फुलांचे वाफे करतात. त्या मातीतून चांदबिबीचा इतिहास वर येतो. आणि लगेच पुढचा भाग येतो तो बंगालच्या दुष्काळाचा. चंद्र, माती, इतिहास, भूक असा हा क्रम आहे. आकाशाकडे पाहणे म्हणजे पलायन, या मताला याहून स्पष्ट उत्तर शोधण्याची आवश्यकता नाही. वर गेलेली दृष्टी खाली येताना अधिक व्यापक होऊन आली आहे.

त्याच किल्ल्यात आझाद पहाटे तीन-चार वाजता उठून, चहाचा पेला समोर ठेवून, पाठवता न येणारी पत्रे उर्दूत लिहीत होते. 'गुबार-ए-खातिर' (१९४६) या नावाने ती प्रसिद्ध झाली. त्यांत खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या आहेत, फुलांचे वाफे आहेत आणि तारुण्यात ताजमहालाच्या गच्चीवर चांदण्या रात्री सतार वाजवल्याची आठवण आहे. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नीचे कलकत्त्यात निधन झाले. ते वृत्त त्यांना किल्ल्यातच कळले. एकाच भिंतीआड दोन लेखक चंद्राकडे आणि चांदण्याच्या स्मृतीकडे वळले, परंतु एकासाठी चंद्र पुढे जाणारा काळ होता आणि दुसऱ्यासाठी चांदणे हा मागे राहिलेला काळ होता. आकाश तेच असले, तरी पाहणाऱ्याचे स्थान त्याला अर्थ देते.

माळावरचे आभाळ

नेहरूंनी ज्याच्या कालगणनेचा उल्लेख केला, तो शेतकरी आकाशाकडे कसा पाहतो? पावसाळ्याचा लोकपरंपरेतील हिशेब सूर्यनक्षत्रांवर आधारलेला आहे. सूर्य एका नक्षत्रात सुमारे तेरा-चौदा दिवस असतो. ७-८ जूनच्या सुमारास मृग लागते. पुढे आर्द्रा, मग पुनर्वसूचा 'तरणा' आणि पुष्याचा 'म्हातारा' पाऊस, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि अखेरीस रब्बीची भिस्त ज्यावर असते ते हस्त. पंचांगातील बेडूक, म्हैस, हत्ती, गाढव ही वाहने पावसाच्या अंदाजाला गोष्टीचे रूप देतात.

या पद्धतीत एक सूक्ष्म बाब आहे. ज्या दिवसांत मृगाचा पाऊस अपेक्षित असतो, त्या दिवसांत मृग नक्षत्र आकाशात दिसत नाही, कारण सूर्य त्याच्याच भागात असतो. मृग ठळकपणे दिसते ते हिवाळ्याच्या रात्री, ज्वारीच्या राखणीच्या वेळी. म्हणजे शेतकरी ज्या नक्षत्राच्या नावाने पेरणी करतो, ते त्याला त्या वेळी डोळ्यांनी दिसत नसते. ते तेथे आहे हे त्याला ठाऊक असते. केवळ सौंदर्यास्वादापेक्षा हे नाते वेगळे आहे. ते ज्ञानाचे आणि विश्वासाचे आहे, आणि अनेकदा विश्वासभंगाचेही. १९७२ च्या दुष्काळाची आठवण या जिल्ह्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यातून अद्याप गेलेली नाही.

विश्वासभंगानंतर काय करायचे, याचे एक उत्तर याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी दिले. पडणाऱ्या पावसाची मोजणी, पाणलोटाची कामे आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद यांमुळे तेथे आभाळाकडे पाहण्याला मातीत काम करण्याची जोड मिळाली. समीक्षेच्या भाषेत सांगायचे, तर ही चंद्रानंतर वाफे खणण्याचीच सामुदायिक आवृत्ती आहे.

एक आक्षेप

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. ऊसतोडीच्या हंगामात पाथर्डी-शेवगाव भागातून निघालेली कुटुंबे महिनोन्महिने कोपीत राहतात. त्यांच्या डोक्यावर दररोज खुले आकाश असते. त्यांना निसर्गाशी जोडले गेल्याचा प्रत्यय येतो, असे म्हणणे क्रूरपणाचे ठरणार नाही काय? हा आक्षेप रास्त आहे. जागेला बांधलेपण हे आकाशदर्शनाला गहिरेपणा देते, असे म्हणताना बांधलेपणाचे उदात्तीकरण होता कामा नये. नेहरू आणि आझाद यांच्याकडे कागद, पुस्तके आणि रिकामा वेळ होता; पहाटे कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या स्त्रीकडे त्यांपैकी काहीच नाही. तिने आकाशाविषयी लिहिले नाही, याचा अर्थ तिने ते पाहिले नाही असा होत नाही. तिच्या पाहण्याला लेखनापर्यंत पोहोचण्याची वाट मिळाली नाही, एवढाच होतो. येथे अभ्यासलेल्या संहिता या आकाशदर्शनाचा संपूर्ण इतिहास नव्हेत. ज्यांना लिहिता आले त्यांचा तो इतिहास आहे.

दुसरी अडचण आजची आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक प्रकाशप्रदूषणाच्या नकाशानुसार पृथ्वीवरील एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना आकाशगंगा दिसेनाशी झाली आहे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, ही समाधानाची बाब आहे. परंतु अंधार राखून ठेवण्यासाठी उद्यान लागावे, हे चिंतेचेही आहे. ज्या विद्यार्थ्याने तारकांनी भरलेले आकाश पाहिलेलेच नाही, त्याला बालकवींच्या तारका केवळ अलंकार वाटल्या, तर दोष कवितेचा नाही आणि विद्यार्थ्याचाही नाही.

निष्कर्ष

१. आकाशदर्शनातून येणारा निसर्गसंबंधाचा प्रत्यय 'एकरूपता' या संज्ञेने नीट व्यक्त होत नाही. अंतर कायम ठेवून, जागा न सोडता दिलेला प्रतिसाद, हे त्याचे अधिक नेमके वर्णन होय. ज्ञानेश्वरीतील कुमुदिनी आणि बालकवींची फुलराणी हे त्याचे दोन काव्यात्म आविष्कार आहेत.

२. हा प्रत्यय दुःखाच्या अभावी येतो असे नाही. बालकवींची उदासीनता आणि किल्ल्यातील बंदिवास यांच्या सान्निध्यातच तो अधिक अर्थपूर्ण होतो.

३. आकाशदर्शनाची कसोटी त्यानंतर दृष्टी कोठे वळते यात आहे. नेहरूंच्या ग्रंथात ती माती, इतिहास आणि दुष्काळ यांकडे वळते. या कसोटीने 'आकाश' आणि 'आभाळ' यांतील दरी काही अंशी भरून येते.

४. अध्यापनाच्या दृष्टीने निसर्गकविता शिकवताना कवी काय पाहतो याबरोबरच तो कोठून पाहतो, हा प्रश्न विचारला जावा. नगर जिल्ह्यातील महाविद्यालयांना यासाठी दूर जाण्याची गरज नाही. नेवाशाचा खांब, किल्ल्याचा तट आणि अकोल्याचे डोंगर जवळच आहेत. हिवाळ्यातील एखाद्या अमावास्येला गावाबाहेरच्या माळावर विद्यार्थ्यांना मृग नक्षत्र दाखवले, तर जूनमध्ये ते दिसत नसताना त्यांचे आजोबा पेरणीला का निघतात, हेही त्यांना त्याच वेळी सांगता येईल.